वीरमरणाची हकिगत घरी कोण सांगतो?

गावात हुतात्मा जवानाचे पार्थिव येणार असल्याची बातमी आली की बाजारपेठ आपोआप बंद होते. कोणी आवाहन करावे लागत नाही. किराणा, कापड, सराफ, अडत अशी सगळी दुकाने अर्ध्या तासात मिटतात आणि व्यापारी हातात फुले घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. तिरंग्यात लपेटलेली पेटी, बंदुकांची सलामी, घोषणा, पालकमंत्र्यांची उपस्थिती हे सारे दृश्य महाराष्ट्रातील गावांना आता परिचयाचे झाले आहे. तथापि ते फार जुने नाही. 1999 च्या कारगिल युद्धापासून धारातीर्थी पडलेल्या जवानांचे पार्थिव घरापर्यंत पोहोचवण्याची पद्धत खऱ्या अर्थाने रूढ झाली. त्यापूर्वीच्या युद्धांत बहुधा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी येई ती तार, मागाहून अस्थी, आणि त्याहून मागाहून एक पत्र्याची पेटी, तिच्यात कपडे, घड्याळ, काही पत्रे.

तारेतले शब्द मोजके असत. मुलगा कसा गेला, कोणत्या क्षणी गेला, त्याच्या जवळ कोण होते, हे तिच्यात मावत नसे. त्या घराला उरलेले आयुष्य याच प्रश्नांबरोबर काढावे लागे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांच्या वडिलांनी असे एकोणतीस वर्षे काढले. नंतर त्यांना उत्तर मिळाले, आणि ते अशा माणसाकडून मिळाले की ज्याच्याकडून मिळेल अशी कल्पनाही कोणी केली नसती.

खेतरपाल घराणे मूळचे सरगोध्याचे. तीन पिढ्या सैन्यात गेलेल्या. फाळणीत सरगोधा पाकिस्तानात गेले आणि घराणे इकडे आले. वडील मदनलाल खेतरपाल लष्कराच्या अभियंता दलात अधिकारी होते. 14 ऑक्टोबर 1950 रोजी पुण्यात त्यांना मुलगा झाला, तोच अरुण. शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले तरी पुढचा रस्ता त्याला पुन्हा पुण्याकडेच घेऊन आला. 1967 साली तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. 13 जून 1971 रोजी त्याला 17 पूना हॉर्स या रिसाल्यात कमिशन मिळाले. पेशव्यांशी झालेल्या 1817 च्या तहातून जन्मलेली ही पलटण. घोडे जाऊन रणगाडे आले, पण नावातले पुणे राहिले. 1965 च्या युद्धात याच रिसाल्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर रणांगणावर पडले होते व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले होते. एकवीस वर्षांच्या नव्या अधिकाऱ्यासमोर घालून दिलेली रेघ ही अशी होती.

डिसेंबर उजाडला तेव्हा अरुण अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या शाळेत तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होता. युद्धामुळे ते प्रशिक्षण मध्येच थांबवून सर्वांना आपापल्या पलटणीत धाडण्यात आले. वाटेत तो दिल्लीला घरी थांबला. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि मेसमध्ये घालायचा निळा पोशाख घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचे आणि विजयाच्या मेजवानीला हा पोशाख घालायचा, असे त्याने सांगितल्याची आठवण घरच्यांनी जपून ठेवली आहे. एकवीस वर्षांचा मुलगा युद्धाला निघतो तेव्हा त्याच्या बोलण्यात असेच काही असते. मोठ्यांच्या लक्षात ते नंतर राहते.

लढाई झाली शकरगढ भागात, बसंतर नदीच्या पलीकडे. 15 डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदी ओलांडून पैलतीरी पाय रोवले होते. त्यांच्या मदतीला रणगाडे पोहोचणे अत्यावश्यक होते, पण मध्ये सुरुंगांचा पट्टा होता आणि तो पुरता साफ झालेला नव्हता. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी थांबायचे नाही असे ठरवले आणि रणगाडे त्याच पट्ट्यातून पार झाले. (हे हनूत सिंग पुढे लेफ्टनंट जनरल झाले. त्यांनी विवाह केला नाही, आणि निवृत्तीनंतर डेहराडूनला ध्यानधारणेत एखाद्या यतीसारखे आयुष्य घालवले. महावीरचक्राच्या मानकऱ्यांत असाही एक माणूस होऊन गेला, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.)

16 डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या 13 लान्सर्स या रिसाल्याने पॅटन रणगाड्यांनिशी प्रतिहल्ला चढवला. जरपाल गावाजवळच्या आपल्या तुकडीने मदत मागितली. मदतीला गेलेल्यांत अरुण होता. ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा त्याच्या ताब्यात होता. थोड्याच वेळात सोबतच्या एका रणगाड्याला गोळा लागला आणि दुसऱ्याची तोफ अडकली. मग त्याच्याही रणगाड्याला गोळा लागून आग लागली. वरिष्ठांनी बिनतारी यंत्रावरून रणगाडा सोडण्याची आज्ञा दिली. आपली तोफ अजून चालते आहे, असे उत्तर आले. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांपैकी चार एकट्या अरुणच्या तोफेने. त्यानंतर अगदी जवळून दुसरा गोळा लागला आणि सर्व संपले. रणगाड्यातला बिनतारी संदेश सांभाळणारा सवार नंद सिंगही त्याच लढाईत कामी आला. त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून येथे नमूद केले पाहिजे.

त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही तोफा थांबल्या. रेडिओवर शस्त्रसंधीची बातमी ऐकून दिल्लीच्या घरात सुटकेचा निःश्वास टाकला गेला. मुलगा परत येणार म्हणून त्याच्या आगमनाची तयारी सुरू झाली. तार आली ती त्यानंतर. तोवर सांबाजवळ अंत्यसंस्कार उरकलेले होते.

अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. खडकवासल्याच्या ज्या मैदानावर दरवर्षी शेकडो छात्र दीक्षान्त संचलन करून बाहेर पडतात, त्या मैदानाला त्याचे नाव आहे. राष्ट्राच्या बाजूने मानसन्मानात काही उणे राहिले नाही. पण मानपत्रात लढाईचे वर्णन असते, मुलाचे नसते. समोरच्या रणगाड्यात कोण होते, हे त्यात कुठून असणार?

2001 साली ब्रिगेडियर मदनलाल खेतरपाल एक्याऐंशी वर्षांचे होते. कारगिलला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दोन्ही देशांत एकमेकांचे नाव काढणे कठीण होते. तरीही या वृद्ध गृहस्थाला आपले जन्मगाव सरगोधा एकदा पाहायचे होते. लाहोरला त्यांच्या स्वागतासाठी आणि सोबतीसाठी पाकिस्तानी सैन्यातील निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर स्वतःहून पुढे आले. त्यांनी पाहुण्याला आपल्याच घरी ठेवून घेतले, सरगोध्याला नेऊन आणले, तीन दिवस कशाची ददात पडू दिली नाही. एका सैनिकाने दुसऱ्या वयोवृद्ध सैनिकाचा केलेला आदर म्हणून हे सर्व समजण्यासारखे होते. पण पाहुण्याच्या अनुभवी नजरेला आणखी काहीतरी जाणवत राहिले. यजमान बोलता बोलता मध्येच थांबत. घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत आदरापेक्षा वेगळे, करुणेसारखे काही दिसे.

परतीच्या आदल्या रात्री जेवणानंतर यजमानांनी ते सांगितले. आपल्याला काही सांगायचे आहे आणि बरीच वर्षे ते सांगायचे राहून गेले आहे, अशी त्यांनी सुरुवात केली. 16 डिसेंबर 1971 रोजी आपण 13 लान्सर्समध्ये मेजर होतो. बसंतरच्या मैदानात आपल्या रणगाड्यांची वाट एकच भारतीय रणगाडा अडवून उभा होता. शेवटी तो आणि आपण असे दोघेच समोरासमोर उरलो. दोघांनी जवळजवळ एकदमच तोफ डागली. आपण वाचलो, तो वाचला नाही. तो किती लहान होता आणि कोण होता हे आपल्याला नंतर कळले.

बापाने काय उत्तर दिले असेल, हा प्रश्न प्रत्येक वाचकाच्या मनात येईल. या प्रसंगाच्या ज्या हकिगती पुढे वृत्तपत्रांत आल्या, त्यांत मोठे संवाद नाहीत. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग दोघे आपापल्या खोलीत झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकत्र छायाचित्र काढून घेतले. पुढे ते छायाचित्र नासर यांनी आपल्या हस्ताक्षरात चार ओळी लिहून खेतरपालांना दिले. तारीख 2 मार्च 2001, ठिकाण लाहोर. त्या ओळींत त्यांनी अरुणचा उल्लेख हुतात्मा म्हणून, त्याच्या परमवीरचक्रासह केला आहे, आणि आपल्या हल्ल्यापुढे तो न हलणाऱ्या कड्यासारखा उभा राहिला अशी नोंद केली आहे. खाली सही आपल्या जुन्या रिसाल्याच्या नावासह.

एखाद्याला वाटेल, हे सांगायची गरज काय होती? एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला शेवटच्या रात्री अशी गोष्ट सांगणे हा क्रूरपणा नव्हे काय? नासर काही बोलले नसते तर पाहुणा सुखाने निरोप घेऊन गेला असता. हा आक्षेप सहज सुचतो, पण तो टिकत नाही. ज्याचे मूल रणांगणावर गेले आहे त्याला त्या शेवटच्या अर्ध्या तासाविषयी आयुष्यभर तर्कच करावे लागतात. पळत होता का, घाबरला होता का, फार वेळ तडफडला का? मित्रांनी दिलेली ग्वाही प्रेमाची असते, सरकारी मानपत्र औपचारिक असते. शत्रूने दिलेल्या साक्षीला मात्र पक्षपाताचा वासही नसतो. मुलगा कसा लढला हे सांगायला त्या दिवशी सर्वांत जवळून पाहिलेला माणूस शोधला असता तर तो हाच होता. नासर यांनी ती साक्ष तोंडी देऊन सोडली नाही, सही करून लेखी दिली. व्यापारी घरांना लेखी शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको.

येथे क्षमेचा शब्द सहज ओठांवर येतो. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या घरांना तर तो येईलच. पण नीट पाहिले तर या भेटीत कोणी क्षमा मागितली नाही आणि कोणी दिली नाही. वैरच नव्हते, तर क्षमा कशाची? दोघेही आपापल्या ठिकाणी उभे होते. जैन आचार्यांनी गृहस्थधर्म सांगताना संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत केलेला भेद येथे आठवतो. मारण्याच्या इच्छेने मारणे वेगळे, आणि संरक्षणाच्या कर्तव्यात घडलेले वेगळे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती घडवणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, हे याच परंपरेत बसते. मात्र भेद केला म्हणून दुःख नाहीसे होत नाही. नासर यांना तीस वर्षांनंतरही ते सांगावेसे वाटले, यातच सर्व आले.

आणखी एक तपशील मनाला चटका लावतो. पूना हॉर्स आणि 13 लान्सर्स या दोन्ही रिसाल्यांची मुळे जुन्या मुंबई फौजेत आहेत. फाळणीत सैन्याची वाटणी झाली तेव्हा एक इकडे आले, दुसरे तिकडे गेले.

पडलेल्या शत्रूच्या घरापर्यंत त्याची कीर्ती पोहोचवण्याचे हे एकच उदाहरण नाही. उलट दिशेची दोन उदाहरणे आपल्या सैन्याच्या इतिहासात आहेत. 17 डिसेंबर 1971 रोजी, म्हणजे अरुण गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच जरपालवर पाकिस्तानच्या 35 फ्रंटियर फोर्सने हल्ला केला. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा आपल्या सैनिकांच्या पुढे राहून लढताना पडले. समोर होती 3 ग्रेनेडियर्स, आणि तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश ऐरी. ऐरी यांनी मृत शत्रूच्या शौर्याचे वर्णन स्वतः लिहून पाकिस्तानकडे पाठवले. त्यावरून अक्रम राजांना हिलाल-ए-जुर्रत हा मोठा शौर्यसन्मान मिळाला. कारगिलमध्ये टायगर हिलवर कॅप्टन कर्नल शेर खान (येथे ‘कर्नल’ हा हुद्दा नव्हे, नावच) लढताना पडले, तेव्हा ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. हा अधिकारी फार शौर्याने लढला, असे तिच्यात लिहिले होते. शेर खान यांना पुढे निशान-ए-हैदर मिळाला, जो त्या देशाचा सर्वोच्च सन्मान आहे.

आणि त्याच टेकड्यांवर दुसरेही काही घडत होते. हे आपले सैनिक नव्हेतच, अशी भूमिका पाकिस्तान सरकारने घेतल्यामुळे तिकडच्या अनेक मृतांना स्वीकारायला कोणी आले नाही. त्यांचे दफन भारतीय जवानांनी इस्लामी विधीने केले. पुत्र गेला हे सांगायलाही ज्यांच्या सरकारने नकार दिला, त्या घरांचे काय झाले असेल, याचा विचार सीमेच्या अलीकडे बसूनही करायला हरकत नाही.

आपल्याकडे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. पार्थिवासोबत पलटणीचे जवान येतात, अधिकारी पत्र लिहितात, पुढे सोबती सवडीने घरी येऊन जातात. 25 फेब्रुवारी 2019 रोजी दिल्लीत राष्ट्रीय समरस्मारक उघडले. त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्योत्तर काळात धारातीर्थी पडलेल्या प्रत्येकाचे नाव ग्रॅनाइटच्या स्वतंत्र विटेवर कोरले आहे. उद्घाटनाच्या वेळी ती नावे 25,942 होती. संध्याकाळी तेथे हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा विधी असतो. जे आईवडील कधी दिल्ली पाहायला आले नसते, ते मुलाच्या नावाच्या विटेवर हात ठेवायला येतात.

गावपातळीवर मात्र आपण अजून शाल आणि श्रीफळापाशीच थांबलो आहोत. 26 जानेवारीला वीरमातेला व्यासपीठावर बसवतात. ज्यांनी तिच्या मुलाला पाहिलेही नाही असे वक्ते त्याच्यावर अर्धा तास बोलतात. ती मान खाली घालून ऐकते. मुलाविषयी काही सांगायला तिला कोणी ध्वनिक्षेपक देत नाही. सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून 7 डिसेंबरला पाळला जातो, आणि त्या निधीला व्यापाऱ्यांनी कधी हात आखडता घेतलेला नाही. पण पैसे देणे हे व्यापारी माणसाला त्यातल्या त्यात सोपे काम आहे. बाजारपेठ बंद करून जे घर आपण स्मशानापर्यंत पोहोचवले, त्याच्या ओट्यावर सहा महिन्यांनी जाऊन बसणे हे अवघड. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून लोक जात नाहीत. बहुतेक वेळा बोलायचे नसतेच, ऐकायचे असते. त्या घराकडे सांगायला पुष्कळ असते.

काही घरांना तर सांगणारा कोणी भेटलाच नाही. 1971 च्या युद्धातील ‘बेपत्ता चौपन्न’ म्हणून ओळखली जाणारी यादी आहे. हे सैनिक व वैमानिक युद्धात परतले नाहीत, आणि त्यांच्या मृत्यूची खात्रीही झाली नाही. त्यांत एक मराठी नाव आहे, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. युद्धाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांचे विमान पाकिस्तानी हद्दीत पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय पातळीवरील बॅडमिंटनपटू. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. युद्ध चालू असतानाच ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापून आली, त्यांत तांबे या आडनावाशी मिळतेजुळते एक नाव होते. त्या एका ओळीवर एका स्त्रीने अर्धे शतक वाट पाहिली. असे कोणी कैदी आपल्याकडे नाहीत, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली.

या कुटुंबांतील काहींना 1983 साली पाकिस्तानात जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली, आणि 2007 साली चौदा नातेवाइकांना पुन्हा. ते तेथल्या एकामागून एक तुरुंगांत गेले. कैद्यांची नोंदवही उघडायची, हिंदी किंवा मराठी वाटणारी नावे शोधायची, चेहरे पाहायचे. छत्तीस वर्षांपूर्वीचा चेहरा आता कसा दिसत असेल याचा अंदाज करत पाहायचे. ज्यांच्या शोधात ते गेले होते त्यांच्यापैकी कोणी भेटले नाही. त्यांना मृत्यू ठाऊक असता तरी चालले असते. कोणीतरी खुर्ची ओढून समोर बसावे आणि काय झाले ते सांगावे, एवढेच मागणे घेऊन ते गेले होते, आणि ते तसेच बरोबर घेऊन परत आले.